सूत्राखालची आखूड रेघ

गणित प्रबोधन सभेला मराठीत गणिताचा कोश करायचा होता, आणि तो सर्वांनी मिळून करायचा होता. इंटरनेटवर एक विकी उघडायचं, कुणीही येऊन लेख लिहायचा, कुणीही दुसऱ्याची चूक सुधारायची. पहिल्या पानावर तसं वाक्यही टाकलं होतं: 'हा कोश सर्वांचा आहे. चूक दिसली की सुधारा.' वाक्य अध्यक्षांचं होतं. अध्यक्ष म्हणजे डॉ. शामराव केळुसकर. कॉलेजातून गणिताचे विभागप्रमुख म्हणून निवृत्त झालेले, दादरला राहणारे, आणि गेली अकरा वर्षं सभेचे बिनविरोध अध्यक्ष. बिनविरोध अशासाठी की निवडणुकीची सूचना ते स्वतः काढत आणि ती सभासदांना निवडणूक झाल्याच्या पुढच्या आठवड्यात मिळे.

कोशाचं घोडं अडलं ते सूत्रांपाशी. मराठी मजकूर सगळ्यांना टाइप करता येत होता, कारण निवृत्तीनंतर सगळे दिवसभर मोबाइलवर तेच करत होते. पण अपूर्णांक, घात, वर्गमुळं विकीत घालायची तर लाटेक नावाची एक वेगळीच भाषा शिकावी लागते. उलट्या तिरक्या रेघा, महिरपी कंस, कंसात कंस. कार्यकारिणीतल्या एका सदस्यांना ते नाव ऐकून हातमोज्यांचं रबर आठवलं. दुसऱ्या दोघांनी त्याचा उच्चार नेमका कसा, यावर पाऊण तास घेतला. शिकायचं मात्र कुणीच मनावर घेतलं नाही. पहिले दोन महिने सभासद कागदावर सूत्र लिहून मोबाइलने फोटो काढत आणि लेखात चिकटवत. एका फोटोत त्रिकोणमितीच्या सूत्राशेजारी बशी आणि अर्धी खारी आली आहे. तो लेख अजून कोशात आहे.

तेव्हा सभेच्या चिटणीस दर्शना पाटकर यांना मालन गमरे आठवली.

दर्शना कॉलेजात गणित शिकवायची. तिचा प्रबंध गिरगावात मुगभाटातल्या एका छापखान्यात जुळवला गेला होता, आणि तो जुळवला होता मालनने. मालन घोडपदेवची. वडील रामजी गिरणीत होते. गिरणी बंद पडली तशी दहावी झालेल्या मालनला त्यांनी छापखान्यात लावून दिलं. तिथे ती आधी शिशाचे खिळे जुळवायला शिकली, मग कॉम्प्युटर, मग एका हट्टी लेखकापायी लाटेक. तीस-पस्तीस वर्षं तिच्या हाताखालून नववी-दहावीची गाइडं, कॉलेजची पुस्तकं, क्लासवाल्यांच्या नोट्स असं सगळं गेलं. मग इमारत पुनर्विकासाला गेली आणि छापखाना मिटला. घरी बसून बोटांना मुंग्या येतात असं ती म्हणायची, त्यामुळे दर्शनाचा फोन आल्यावर तिने फार विचार केला नाही. आठवड्यातले तीन दिवस ती घोडपदेवहून बसने दादरला सभेच्या खोलीत येऊ लागली.

चार महिन्यांत तिने सहाशेवर सूत्रं कोशात घातली. लेखक मजकूर टाकत, सूत्राच्या जागी हस्तलिखिताचा फोटो लावत. मालन तो फोटो हटवून तिथे नीट सूत्र बसवी आणि खाली बदलाच्या नोंदीत लिही: 'सूत्र टाइप केलं.' विकीत असं असतं की प्रत्येक पानाला 'इतिहास' नावाचं बटण असतं. ते दाबलं की कुणी, कधी, काय बदललं याची यादी उघडते. कार्यकारिणीतल्या कुणी ते बटण कधी दाबलं नव्हतं.

मधल्या काळात कार्यकारिणीने एक ठराव केला. मराठी कोशात एक्स नको, क्ष हवा. त्यावर तीन सभा झाल्या. मालनने सहाशेपैकी चारशे सूत्रांत क्ष घातला, प्रत्येक क्षभोवती वेगळा कंस, कारण लाटेकला देवनागरी अक्षर सरळ पचत नाही. चौथ्या सभेत ठरलं की विद्यार्थ्यांची सवय पाहता एक्सच बरा. तिने चारशे क्ष काढले. घरी नवऱ्याला एवढंच म्हणाली, "मोठी माणसं आहेत. त्यांचं आज एक, उद्या एक असायचंच."

मग एका मंगळवारी वर्गसमीकरणाचा लेख आला. लेखक खुद्द डॉ. केळुसकर. कोशाच्या उद्घाटनाला हाच लेख पडद्यावर दाखवायचा होता.

वर्गसमीकरणाची उकल काढायचं सूत्र दहावीतल्या प्रत्येकाला पाठ असतं. वजा बी, मग अधिक-वजा, मग वर्गमूळ, आणि या सगळ्याखाली एक लांब रेघ, रेघेखाली दोन ए. केळुसकरांच्या हस्तलिखितात रेघ फक्त वर्गमुळाखाली होती. वजा बी बाहेरच राहिला होता. पेन उचललं गेलं असेल, कागदाची कड आली असेल. मालनने हे सूत्र आयुष्यात निदान दीडशे वेळा जुळवलं होतं. बोटांनी आपोआप लांब रेघ घातली. एरवी ती 'सूत्र टाइप केलं' एवढंच लिहायची, पण या वेळी तिला वाटलं की सरांच्या लिखाणात आपण हात घातला आहे, तर सांगितलेलं बरं. म्हणून तिने नोंदीत लिहिलं: 'हस्तलिखितात रेघ आखूड होती, पूर्ण केली. मालन गमरे.'

तो प्रामाणिकपणा तिला भोवला.

केळुसकरांनी संध्याकाळी आपला लेख कौतुकाने उघडला, तर माथ्यावर ती नोंद. लाटेक शिकायला त्यांना चार महिने वेळ मिळाला नव्हता, पण 'उलटवा' हे बटण त्यांना पाच मिनिटांत सापडलं. सूत्र गेलं, आखूड रेघेचा फोटो परत आला. नोंदीत त्यांनी लिहिलं: 'लेखकाच्या मूळ मजकुरात ढवळाढवळ नको.'

गुरुवारी मालनने ते पाहिलं आणि ती गोंधळली. तिला सूत्राचा आकार माहीत होता. तो तसाच का, हे तिला कधी कुणी विचारलं नव्हतं. घरी येऊन तिने ओट्यावर वही उघडली. विकास, तिचा नवरा, शिवडीच्या गोदामातून नुकताच आला होता आणि गंजिफ्रॉकवर चहा पीत होता.

"काय करतेस?"

"गणित."

"या वयात?"

"अहो, ऐका. एक्स वर्ग वजा पाच एक्स अधिक सहा. याची उत्तरं दोन आणि तीन. गाइडात पहिलंच उदाहरण असायचं. दोन घालून बघा. चार, वजा दहा, अधिक सहा. शून्य येतं. तीन घातले तरी शून्य."

"बरं."

"लांब रेघ घेतली की दोन आणि तीन येतात. आखूड घेतली की साडेपाच आणि साडेचार."

विकासने वहीत डोकावलं. त्याने शाळा सोडून चाळीस वर्षं होत आली होती. तरी साडेपाचाचा वर्ग त्याने बोटांवर करून पाहिला. "साडेपाच घातल्यावर शून्य नाही येत," तो म्हणाला.

"तेच."

"मग सांग ना त्यांना."

दुसऱ्या दिवशी शुक्रवार होता, तिचा येण्याचा दिवस. तिने लांब रेघ परत घातली. पानाच्या 'चर्चा' भागात ते पाच-सहाचं उदाहरण चार ओळींत मांडलं आणि खाली लिहिलं: 'सरांनी एकदा पाहावं.' सरांनी ते पाहिलं की नाही कळायला मार्ग नाही. सूत्र तासाभरात उलटवलं गेलं, आणि पुढच्या मंगळवारी केळुसकर स्वतः सभेच्या खोलीत आले. दर्शना तिथे बसली होती.

"मालनबाई, बसा," ते म्हणाले. आवाज मऊ होता. "तुमचं शिक्षण किती?"

"दहावी, सर."

"गणितात किती होते?"

"एक्काहत्तर."

"छान. म्हणजे वाईट नाहीत." ते दर्शनाकडे पाहून हसले. दर्शना पण हसली, कारण न हसायला धैर्य लागलं असतं. "पण तुम्ही जुळारी आहात. जुळाऱ्याने मजकूर जुळवायचा असतो, तपासायचा नसतो. उद्या प्रत्येक जुळारी लेखकाला शिकवायला लागला तर ग्रंथनिर्मिती होणार कशी?"

"सर, तुम्ही पाच-सहाचं उदाहरण घालून पाहिलंत का?"

"उदाहरणाचा प्रश्न नाही. काही जुन्या युरोपीय ग्रंथांत रेघ अशी आखूड आढळते. ती एक पद्धत आहे."

"कोणत्या ग्रंथात, सर? मी त्याची टीप टाकते खाली."

दर्शनाला रेघ कुठवर हवी हे अर्थातच माहीत होतं. तिने प्रबंध लिहिला होता, ती रोज हेच शिकवत होती. पण पुढच्या महिन्यात तिची सभेच्या उपाध्यक्षपदी निवड व्हायची होती. ती टेबलावरची फाइल उगाच सरळ करत राहिली.

"टीप नको," केळुसकर म्हणाले. "जसं आहे तसं जुळवा."

"तसं मी नाही जुळवणार, सर. बाकी काय असेल ते द्या, सगळं करते. हे फोटोतच राहू दे." हे ती चिडून बोलली नाही.

त्याच दुपारी दर्शनाने, अध्यक्षांच्या सांगण्यावरून, वर्गसमीकरणाच्या पानाला कुलूप लावलं. आता ते पान अध्यक्ष आणि चिटणीस या दोघांनाच बदलता येणार होतं. सर्वांच्या कोशातलं ते पहिलं कुलूप. पुढच्या आठवड्यात आणखी चौदा लागली, कारण इतर ज्येष्ठ लेखकांनाही आपापल्या पानांना कुलूप हवं झालं.

उद्घाटन एका रविवारी सकाळी दादरच्या एका सभागृहात ठेवलं होतं. प्रमुख पाहुणे एक माजी कुलगुरू. श्रोते साठेक, त्यातले बरेचसे पालिकेच्या शाळांमधले गणिताचे शिक्षक, कारण त्यांना परिपत्रक निघालं होतं. व्यासपीठामागे मोठा पडदा, पडद्यावर कोशाचं पहिलं पान, आणि पानावर ते वाक्य. मालन शेवटच्या रांगेत बसली होती. छापील निमंत्रणात तिचं नाव नव्हतं. दर्शनाने तोंडी 'या हं' म्हटलं होतं.

आदल्या दिवशी केळुसकरांच्या लक्षात आलं होतं की एवढ्या मोठ्या पडद्यावर फोटो फाटका दिसेल. म्हणून त्या सकाळी सहापासून ते स्वतः सूत्र टाइप करायला बसले. दुसऱ्या पानांवरून मालनचे तुकडे उचलले, जोडले, तोडले. नवव्या खेपेला सूत्र बसलं, आखूड रेघेसकट. पण वाक्याच्या शेवटी पूर्णविराम हवा, हा त्यांचा जन्माचा आग्रह. दहाव्या खेपेला त्यांनी पूर्णविराम घातला, त्या नादात शेवटचा महिरपी कंस पुसला गेला, आणि खाली टॅक्सी आली होती म्हणून त्यांनी न पाहताच 'जतन करा' दाबून लॅपटॉप मिटला.

भाषण करता करता त्यांनी हात उंचावला. "आणि आता पाहूया, मराठीतलं पहिलं नितळ, निर्दोष वर्गसमीकरण."

दर्शनाने पान उघडलं. सूत्राच्या जागी लालभडक अक्षरांत ओळ होती: 'सूत्र वाचता आले नाही. कंस अपुरा.'

"नेटवर्क," केळुसकर म्हणाले.

दर्शनाने पान पुन्हा उघडलं. ओळ लालच राहिली. तिने संपादनाची खिडकी उघडली, तेव्हा पडद्यावर सगळ्या उलट्या रेघा आणि कंस दिसू लागले. ती त्यांच्याकडे पाहत राहिली, जसं आपण बिघडलेल्या गाडीचं बॉनेट उघडून पाहतो. मागे कुणीतरी खाकरलं.

"मालनबाई आल्यात का?" केळुसकरांनी माइकवरच विचारलं.

मालन उठली, मधल्या वाटेने चालत पुढे आली आणि दर्शनाच्या खुर्चीत बसली. कंस कुठे नाही हे तिला वाटेतच दिसलं होतं. केळुसकर वाकून जवळ आले. तिने हळूच विचारलं, "सर, फक्त कंस मिटवू, की रेघ पण पूर्ण करू?"

"फक्त कंस," ते कुजबुजले.

माइक त्यांच्या हातातच होता. दोन्ही वाक्यं सभागृहाने स्वच्छ ऐकली.

मालनने सांगितल्याप्रमाणे फक्त कंस मिटवला. पडद्यावर सूत्र आलं, दहा फूट रुंद, आणि वर्गमुळाखाली ती आखूड रेघ. कुणी टाळी वाजवायला हात उचलले होते, ते तसेच राहिले. साठ माणसांपैकी पन्नास माणसं हे सूत्र दरवर्षी फळ्यावर लिहीत होती.

तिसऱ्या रांगेतून एक बाई उभ्या राहिल्या. परळच्या शाळेत शिकवणाऱ्या मानसी तांबे. "सर, रेघ वजा बीच्या खाली पण हवी ना? असं ठेवलं तर मुलांचं उत्तर चुकेल."

"हो, हो, बरोबर आहे," केळुसकर लगेच म्हणाले. "टंकलेखनातली चूक. आमच्या ऑपरेटरबाईंकडून अनवधानाने राहिलं. सुधारून घेऊ."

माउस मालनच्या हातात होता. पुढे विकासने तिला विचारलं की तू ठरवून केलंस का, तेव्हा ती म्हणाली की नाही, बोट गेलं. तिने 'इतिहास' दाबलं.

यादी उघडली. तारखा, वेळा, नावं, नोंदी. 'गमरे: रेघ आखूड होती, पूर्ण केली.' 'केळुसकर: उलटवले. ढवळाढवळ नको.' 'गमरे: रेघ पूर्ण केली, पाच-सहाच्या उदाहरणाने ताडून पाहिली.' 'केळुसकर: उलटवले.' मग कुलूप. आणि त्यावर त्या सकाळच्या दहा नोंदी, सगळ्या एकाच नावाच्या. माजी कुलगुरूंनी चष्मा वर सरकवला आणि त्या नोंदी सवयीने मोठ्याने वाचल्या. "अंतिम. अंतिम दोन. खरे अंतिम. आता योग्य आहे, कोणीही हात लावू नये."

हसू मागच्या रांगेतून सुरू झालं आणि व्यासपीठापर्यंत आलं. परिपत्रकाने आणलेल्या लोकांना रविवारी सकाळी एवढं मिळेल याची आशा नव्हती.

"हे गमरे कोण?" कुलगुरूंनी विचारलं.

"मी," मालन म्हणाली.

त्यांनी तिच्याकडे पाहिलं, मान डोलावली, घड्याळ पाहिलं आणि मायमराठीच्या भवितव्यावर चाळीस मिनिटं बोलले. त्यात गणित कुठेच आलं नाही. मालन शेवटच्या रांगेत परत जाऊन बसली. तिला जिंकल्यासारखं वाटत नव्हतं. एका म्हाताऱ्या माणसाचे लाल झालेले कान तिला सारखे दिसत होते, आणि तरी आपण परत तेच केलं असतं हेही तिला कळत होतं.

बुधवारी तिचं कोशातलं खातं 'तांत्रिक कारणास्तव' बंद झालं. दर्शनाचा फोन आला.

"मालनताई, तुमचं बरोबरच होतं हो. मला माहीत होतं. पण ती पद्धत चुकली जरा."

"कोणती पद्धत हवी होती, मॅडम? मी चर्चेत लिहिलं, तोंडावर सांगितलं, तुम्ही बाजूलाच होतात."

"बघू, वातावरण निवळलं की बोलू," असं म्हणून दर्शनाने फोन ठेवला. पुढच्या महिन्यात ती उपाध्यक्ष झाली, बिनविरोध. कार्यकारिणीने रेघेच्या लांबीचा अभ्यास करायला एक तज्ज्ञ समिती नेमली. समितीचे अध्यक्ष डॉ. केळुसकर. समितीचा अहवाल यायचा आहे, तोवर त्या पानावर सूत्राची जागा मोकळी ठेवली आहे.

मानसी तांबेंनी मात्र सभागृहाच्या दाराशीच मालनला गाठून नंबर घेतला होता. त्यांना आपल्या शाळेच्या सराव-प्रश्नांत सूत्रं नीट घालायची होती. परळच्या शाळेच्या कॉम्प्युटर खोलीत शनिवारी दुपारी पाच शिक्षिका बसू लागल्या, आणि मालन त्यांना कंस उघडायला आणि मिटायला शिकवू लागली. कोशाचा मजकूर कुणीही उचलून पुढे वापरावा, अशी परवानगी सभेने सुरुवातीलाच दिली होती. विकी उघडताना 'मान्य आहे'च्या चौकटीवर टिचकी मारताना कुणी ती वाचली नव्हती. शिक्षिकांनी सगळी पानं उचलून आपलं वेगळं विकी काढलं. बशी आणि खारीसकट.

तिथे सूत्रांवर शेवटची नजर मालनची असते, आणि तिला ते आवडू लागलं आहे, जरा जास्तच. मागच्या महिन्यात मानसीने एक्स वर्गाच्या वर्गमुळाच्या सूत्रात उत्तराच्या, म्हणजे एक्सच्या, दोन बाजूंना दोन उभ्या रेघा घातल्या. मालनला तो टायपिंगचा कचरा वाटला. पस्तीस वर्षांत गाइडात त्या जागी तिने अशा रेघा पाहिल्या नव्हत्या. तिने त्या काढल्या आणि नोंदीत लिहिलं: 'फालतू रेघा काढल्या.'

मानसीचा फोन आला. "ताई, वजा तीनचा वर्ग किती?"

"नऊ."

"नवाचं वर्गमूळ?"

"तीन."

"वजा तीन नाही ना आलं परत? वजा असो की अधिक, उत्तर अधिकच येतं. ते दाखवायला त्या रेघा असतात."

मालनचे कान तापले. तिने म्हटलं, बघते, आणि फोन ठेवला. वहीत तिने वजा तीन, वजा सात, वजा दहा घालून पाहिलं. विकासने काय झालं विचारलं, तर म्हणाली काही नाही. पुढे केव्हातरी तिने ते पान उघडलं, रेघा परत घातल्या आणि खाली लिहिलं: 'चूक माझी होती. मानसीचं बरोबर. मालन गमरे.'

हे लिहायला तिने चार दिवस घेतले असं मानसी सांगते. मालन म्हणते, दोनच.